पिशवीच्या पोटातला थर

पर्युषण जवळ आले की घरोघरी प्रभावनेचा विचार सुरू होतो. लाडू, श्रीफळ, स्टीलची वाटी, पुस्तक यांच्या जोडीने आता कापडी पिशवीही प्रभावनेत मानाने दिली जाते. कुठे महिला मंडळ ती शिवून घेते, कुठे घरातल्या सासू-सुना मिळून शिवतात, तर कुठे एखादी श्राविका हाच आपला छोटा व्यवसाय करते. वाटपाच्या दिवशी सगळ्या पिशव्या सारख्याच देखण्या दिसतात. तोच रंग, तीच किनार, तेच सुबक पट्टे. दिवाळीच्या साफसफाईत मात्र खरे चित्र पुढे येते. एक पिशवी धुऊन वाळल्यावरही तशीच ताठ उभी असते. तिच्या शेजारच्या पिशवीवर सुरकुत्या पडलेल्या असतात, तळ लोंबलेला असतो आणि आतल्या कापसाचे गोळे होऊन ते कोपऱ्यात जमलेले असतात.

दोन्हींचे कापड एकाच ताग्यातले होते आणि शिवण एकाच हातची होती. फरक होता तो कापड आणि अस्तर यांच्यामध्ये दडलेल्या थरात. हा थर घेणाऱ्याला दिसत नाही आणि देणाराही त्याविषयी फारसे बोलत नाही. पिशवीचे आयुष्य मात्र त्याच्यावरच ठरते. म्हणूनच त्याची निवड कशी करावी, हा शिवणकामाचा प्रश्न जसा आहे तसाच तो सचोटीचा आणि विवेकाचाही प्रश्न आहे.

एक थर, दोन कामे

पिशवीच्या आतला थर मुख्यतः दोनपैकी एक काम करतो. पहिले काम भरणाचे. पिशवीला मऊपणा व जाडी देणे, आतल्या वस्तूला धक्क्यापासून जपणे, ऊब किंवा गारवा टिकवणे, ही भरणाची कामे होत. यासाठी बाजारात कापसाची पातळ गादी, पॉलिएस्टरचे वॅडिंग आणि फोम मिळतो. दुसरे काम ताठपणा देण्याचे. पिशवीचा आकार टिकावा, कापड ढिले पडू नये, भरतकाम वा पट्टा जोडलेली जागा ओढली जाऊ नये, यासाठी बक्रम, कॅनव्हास किंवा इस्त्रीने चिकटणारे पेस्टिंग वापरतात.

ही दोन कामे वेगळी आहेत हे ध्यानात न घेतल्यामुळे पुष्कळ चुका होतात. पिशवी उभी राहत नाही म्हणून भरण वाढवले जाते. त्याने पिशवी फुगते, जड होते, पण उभी काही राहत नाही. उलट, वस्तूला धक्का लागू नये म्हणून कडक बक्रम लावले जाते. त्याने पिशवी खोक्यासारखी होते, पण आतल्या काचेच्या बरणीचे रक्षण होत नाही. पिशवीला नेमके काय हवे आहे, मऊपणा की ताठपणा, की थोडे दोन्ही, हा प्रश्न कात्री हातात घेण्यापूर्वीच सुटायला हवा.

भरणाची विद्या आपल्या घरांना नवी नाही. महाराष्ट्रात गोधडी, कच्छ-सौराष्ट्रात धडकी, राजस्थानात गुदडी अशी नावे वेगवेगळी असली, तरी रीत एकच आहे. जुनी, मऊ झालेली सुती लुगडी आणि धोतरे एकावर एक पसरायची आणि धावदोऱ्याने ती एकजीव करायची. या रीतीमागे मोठे व्यवहारज्ञान आहे. वर्षानुवर्षे धुतलेले कापड जेवढे आटायचे तेवढे आधीच आटून गेलेले असते, म्हणून गोधडी धुतल्यावर वेडीवाकडी होत नाही. टाके जवळजवळ असल्यामुळे आतले थर सरकत नाहीत. आजच्या पिशवीच्या भरणालाही हेच दोन नियम लागू पडतात: जे आटायचे ते आधी आटवून घ्यावे आणि जे सरकणारे असेल ते टाक्यांनी बांधून ठेवावे.

आधी वस्तू, मग थर

बाजारातून वॅडिंगचा गुंडाळा आणून तोच सगळ्या पिशव्यांना लावणे सोपे वाटते. पण जैन कुटुंबात पिशव्यांचे उपयोग इतके वेगवेगळे असतात की प्रत्येकीची गरज निराळी ठरते.

भाजीची पिशवी घ्या. तिला पाच-सहा किलो वजन पेलायचे असते आणि ती आठवड्याला धुतली जाते. दोसुती किंवा जाड कॅनव्हासची असेल, तर तिला भरणाची मुळीच गरज नसते. भरण घातले तर ती घडी होत नाही, लवकर मळते आणि उशिरा वाळते. तिला आधार हवा असतो तो तळाला आणि पट्टा जोडलेल्या चार जागी. पट्ट्याच्या मुळाशी आतून त्याच कापडाचा चौकोनी तुकडा ठेवून चौकोन व त्यात फुली अशी टीप घातली, तर तेवढ्या चार तुकड्यांनी पिशवीचे आयुष्य कितीतरी वाढते.

सामायिकाची पिशवी वेगळी. तिच्यात कटासणे, मुहपत्ती, चरवळा किंवा पुंजणी, माळ आणि एखादे पुस्तक असते. उपकरणे हलकी आणि मऊ असतात, त्यामुळे जाड भरण निरुपयोगी ठरते. पिशवी सहज धुता यावी, झटकता यावी आणि आतल्या कोपऱ्यांची प्रतिलेखना करता यावी, हे महत्त्वाचे. म्हणून साधे सुती कापड आणि स्वच्छ, फिक्या रंगाचे अस्तर पुरेसे होते. फिक्या अस्तरावर बारीक जीव चटकन दिसतो. गडद अस्तरात तो दिसत नाही आणि नकळत हात पडतो. माळेच्या बटव्याला मात्र थोडा मऊपणा हवा असतो. तिथे फलालिनीचा एक पातळ थर पुरतो.

ग्रंथाच्या पिशवीला दोन्ही गुण लागतात. कोपरे मुडपू नयेत म्हणून थोडा ताठपणा आणि घासले जाऊ नये म्हणून थोडे भरण. ज्ञानपंचमीला आणि श्रुतपंचमीला ग्रंथांवरील धूळ झाडून त्यांना नवे वेष्टन घालण्याची परंपरा आहे. ते वेष्टन धुतलेल्या, साध्या सुती कापडाचे असते, यातही शहाणपण आहे. खळीने कडक केलेले बक्रम ग्रंथाजवळ ठेवू नये, कारण खळ म्हणजे स्टार्च आणि स्टार्च हे कसरीचे आवडते अन्न. जो थर ग्रंथाच्या रक्षणासाठी घातला, तोच ग्रंथभक्षक जीवांना आमंत्रण देतो आणि मग त्यांची विराधनाही टळत नाही. फोमही इथे टाळावा. पॉलियुरेथेनचा फोम हवेतील दमटपणाने आणि उजेडाने काही वर्षांत पिवळा पडतो, चिकट होतो आणि भुगा होऊन गळू लागतो. ग्रंथासाठी धुतलेल्या मांजरपाटाचे दोन-तीन थर धावदोऱ्याने शिवून घेतले तर ते उत्तम काम देतात.

डब्याची पिशवी हा आपल्याकडचा खास विषय आहे. चौविहार पाळणाऱ्या व्यापाऱ्याचा संध्याकाळचा डबा सूर्यास्तापूर्वी दुकानात पोहोचतो. कोणाबरोबर उकाळलेल्या पाण्याची बाटलीही असते. डबा कोमट राहावा ही अपेक्षा असते. ऊब टिकते ती भरणात अडकलेल्या स्थिर हवेमुळे. म्हणून इथे फुगीर भरण हवे आणि ते फार घट्ट शिवून दाबूनही टाकू नये, कारण दाबलेल्या भरणातली हवा निघून जाते आणि ऊबही जाते. पॉलिएस्टरचे वॅडिंग पाणी शोषत नाही आणि लवकर वाळते, म्हणून इथे ते कापसापेक्षा सरस ठरते. त्याच्या आतल्या बाजूला ॲल्युमिनियमचा लेप असलेली शीट घातली तर उष्णता आणखी टिकते. मात्र सुईच्या प्रत्येक छिद्रातून पाणी झिरपू शकते, म्हणून अशी पिशवी पूर्ण जलरोधक आहे असा दावा विक्रीच्या वेळी करू नये. गरम डब्याच्या वाफेने आत ओल धरते. रात्री पिशवी उघडी ठेवून वाळवण्याची सूचना घेणाऱ्याला जरूर द्यावी.

राहिली दुकानाच्या नावाची, साडी वा भेटवस्तू देण्याची पिशवी. तिने हातात डौलाने उभे राहावे अशी अपेक्षा असते. तिथे भरणापेक्षा पेस्टिंगचा उपयोग अधिक. तळाला पुठ्ठा घालण्याची रीत आहे. पण पुठ्ठा पाण्यात विरघळतो. तो अस्तराखाली शिवून न टाकता, तळाच्या आकाराच्या कापडी खोळीत ठेवावा आणि ती खोळ काढता येईल अशी करावी. पिशवी धुताना खोळ बाजूला ठेवता येते.

कापूस, पॉलिएस्टर आणि पावसाळा

कापसाच्या भरणाला आपल्याकडे जवळीक आहे. ते मऊ असते, वजनाने भारदस्त वाटते आणि इस्त्रीचा ताव सहन करते. त्याचा दोष म्हणजे आटणे. न धुतलेले कापसाचे भरण पहिल्या धुण्यात साधारण ३ ते ५ टक्के आटते. आकडा किरकोळ वाटतो, पण हिशेब करून पाहावा. ४५ सेंटिमीटर उंचीच्या पिशवीत ४ टक्के म्हणजे १.८ सेंटिमीटर. बाहेरचे कापड आधी धुतलेले असेल आणि आतले भरण धुतलेले नसेल, तर बाहेरच्या कापडाचे हे पावणेदोन सेंटिमीटर जाणार कुठे? ते सुरकुत्या होऊन उभे राहतात. गोधडीवर अशा सुरकुत्या शोभून दिसतात, दुकानाच्या नावाच्या पिशवीवर शोभत नाहीत.

उलट प्रकारही घडतो. पेस्टिंग बहुधा पॉलिएस्टरचे असते आणि ते आटत नाही. बाहेरचे कोरे सुती कापड न धुता त्यावर पेस्टिंग चिकटवले, तर पहिल्या धुण्यात कापड आटते, पेस्टिंग तसेच राहते आणि पृष्ठभागावर फुगे येतात. ग्राहकाला वाटते की चिकटवणे कच्चे होते. खरी चूक कापड न धुण्याची असते.

मोकळा पिंजलेला कापूस वापरायचा असेल तर दर दोन-तीन इंचांवर टीप हवी, नाहीतर तो धुण्यात गोळा होतो. सुयांनी टोचून एकजीव केलेल्या कापसाच्या गादीला इतक्या टिपा लागत नाहीत. पॉलिएस्टरचे वॅडिंग आटत नाही, हलके असते आणि फुगीर राहते. पण विरळ विणीच्या कापडातून त्याचे तंतू हळूहळू बाहेर डोकावतात. गडद कापडावर ते पांढऱ्या लवेसारखे दिसतात. वॅडिंग आणि कापड यांच्यामध्ये मलमलीचा एक पातळ थर घातला की हा दोष बराच आवरतो. शिवाय पॉलिएस्टरला इस्त्रीचा कडक ताव चालत नाही. सुती कापडासाठी ठेवलेली इस्त्री २०० अंशांच्या आसपास तापते. तेवढ्या तावाने वॅडिंग चपटे होते आणि एकदा दबलेला त्याचा फुगीरपणा पुन्हा येत नाही.

चातुर्मासाचा विचार जैन घराने विशेषत्वाने करायला हवा. जाड कापसाचे भरण पावसाळ्यात दोन दोन दिवस आतून ओले राहते. बाहेरून हाताला कोरडे लागते, पण आत ओल असते. ओल राहिली की वास येतो, बुरशी धरते, म्हणजेच अनंतकाय जीवांची उत्पत्ती होते. मग ती पिशवी धुणे, उन्हात टाकणे, झटकणे या प्रत्येक क्रियेत विराधना. जी पिशवी चातुर्मासात वारंवार धुतली जाणार आहे तिला जाड सुती भरण न घालणे, हीच खरी जयणा. घालायचेच झाले तर ते वेगळ्या खोळीत घालावे, म्हणजे ते काढून पूर्ण वाळवता येते.

चिकटवण्याची आणि शिवण्याची रीत

चांगला माल आणूनही हाताळणी चुकली तर श्रम वाया जातात. पेस्टिंग चिकटवताना इस्त्री कापडावर फिरवू नये. ती एका जागी टेकवावी, दहा-पंधरा सेकंद दाबावी, उचलावी आणि शेजारच्या जागी ठेवावी. फिरवल्याने वितळलेला चिकट लेप सरकतो आणि कापडाला कायमच्या वळ्या पडतात. वर किंचित ओलसर सुती फडके ठेवले तर वाफेने ताव आतपर्यंत पोहोचतो. काम झाल्यावर तुकडा पूर्ण गार होईपर्यंत हलवू नये. गरम लेप अजून धरलेला नसतो, घाईने उचललेला तुकडा कडांना सुटतो. विणलेले पेस्टिंग असेल तर ते कापडाच्या उभ्या धाग्याला धरूनच कापावे. नाहीतर पिशवी एका बाजूला पिळल्यासारखी दिसते.

भरण शिवणीत येऊ देऊ नये. शिवणीसाठी सोडलेल्या जागेतून ते टिपेच्या जवळपर्यंत कापून काढावे. यामुळे कोपरे टोकदार उलटतात आणि मशीनवरही ताण येत नाही. चार-पाच थर एकत्र शिवताना १६ नंबरची सुई घ्यावी, जाड कॅनव्हास असेल तर १८ नंबरची. टाका थोडा लांब, तीन ते साडेतीन मिलिमीटरचा ठेवावा. बारीक टाक्यांनी जाड थर मजबूत होतात हा समज चुकीचा आहे. जवळजवळ पडलेल्या छिद्रांनी कापड तिथेच फाटते.

या सगळ्यापेक्षा मोलाची गोष्ट म्हणजे नमुना. कापड, भरण आणि अस्तर यांचे २५ सेंटिमीटर लांबी-रुंदीचे तुकडे घ्यावेत. ज्या रीतीने पिशवी शिवायची, त्याच रीतीने ते शिवावेत. पिशवी जशी धुतली जाईल तसेच धुवावेत, वाळवावेत, इस्त्री करावी आणि पुन्हा मोजावेत. एक सेंटिमीटर कमी भरले तर ४ टक्के आट आहे असे समजावे. एका दिवसाचा हा खटाटोप मोठ्या मागणीतले नुकसान वाचवतो.

थरातली अहिंसा

थराची निवड करताना मऊपणा, ताठपणा आणि भाव यांच्याबरोबर आणखी एक प्रश्न जैन मनात उभा राहतो: ही वस्तू आली कुठून?

रेशमाचे भरण हलके आणि उबदार असते, पण रूढ पद्धतीत अखंड धागा मिळवण्यासाठी कोशातला जीव उष्णतेने मारला जातो. पिसांचे भरण पक्ष्यांपासून येते. ही दोन्ही उघडच वर्ज्य ठरतात. लोकरीचा विचार थोडा सूक्ष्म आहे. श्वेतांबर परंपरेत ओघा आणि कटासणे लोकरीचे असते. दिगंबर मुनींची पिच्छी मोराने आपोआप गाळलेल्या पिसांची असते. दोन्ही उपकरणांमागे एकच भाव आहे. बारीक जीवाला इजा न होता तो बाजूला करता यावा इतके ते मऊ हवे आणि तो मऊपणा मिळवताना कोणाचा जीव जाता कामा नये. वस्तू कोणती आहे याबरोबरच ती कशी मिळवली आहे हे पाहण्याची दृष्टी या उपकरणांतूनच मिळते. बाजारात मिळणाऱ्या लोकरीच्या भरणाबाबत हे पाहणे सामान्य ग्राहकाला शक्य नसते. म्हणून शंका असेल तिथे ते टाळणे हाच सरळ मार्ग.

जे उघड दिसत नाही ते अधिक सावधपणे पाहावे लागते. जुन्या पद्धतीत कापड कडक करण्यासाठी खळीबरोबर सरसही वापरत, आणि सरस हा जनावरांच्या कातडी-हाडांपासून बनतो. गिरण्यांत ताण्याला लावायच्या खळीत सूत मऊ राहावे म्हणून जनावरांची चरबी मिसळण्याची पद्धत होती. तिच्या जागी वनस्पतिजन्य आणि कृत्रिम पर्याय उपलब्ध आहेत. कोरे कापड वा बक्रम घाऊक घेताना त्यात कशाची खळ आहे हे विचारण्यात संकोच नसावा. व्यापाऱ्याला हा प्रश्न वारंवार विचारला गेला तर तो पुढे गिरणीपर्यंत पोहोचतो. इस्त्रीने चिकटणाऱ्या आधुनिक पेस्टिंगवरचा लेप मात्र सामान्यतः कृत्रिम असतो, त्यात प्राणिज सरस नसतो.

जुन्या कपड्यांच्या चिंध्यांपासून बनवलेल्या करड्या नमद्यासारख्या शीटही स्वस्तात मिळतात. त्यांत लोकरीचे आणि इतर मिश्र तंतू असू शकतात. एखादा तंतू ओढून सुरक्षित जागी जाळून पाहिला तर अंदाज येतो. कापूस कागदासारखा जळून राख होते, पॉलिएस्टर वितळून कडक मणी होतो, लोकर आणि रेशीम यांना केस जळल्यासारखा वास येतो.

पॉलिएस्टरमध्ये प्राणिज अंश नाही म्हणून ते निर्दोष, असेही नाही. ते खनिज तेलापासून बनते, मातीत विरत नाही आणि धुण्यात त्याचे सूक्ष्म तंतू पाण्यात मिसळतात. कापसाच्या शेतीतही पाणी आणि कीटकनाशके लागतात. संपूर्ण निरारंभ असा थर बाजारात नाही. कमीत कमी आरंभ कशात आहे, एवढेच श्रावकाला पाहता येते. त्या दृष्टीने घरातली जुनी, धुतलेली सुती लुगडी सर्वांत वरची ठरतात. त्यासाठी नवे काही पिकवावे लागत नाही, विकत घ्यावे लागत नाही आणि टाकूनही द्यावे लागत नाही. आणि ज्या पिशवीला भरणाची गरजच नाही, तिच्यात ते न घालणे हा याहूनही चांगला पर्याय आहे.

याच संदर्भात दिसायला कापडासारख्या, पण प्रत्यक्षात पॉलिप्रॉपिलीन या प्लास्टिकच्या असलेल्या नॉनवोव्हन पिशव्यांचाही उल्लेख करायला हवा. ३० सप्टेंबर २०२१ पासून देशभरात दर चौरस मीटरला ६० ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या अशा पिशव्यांवर बंदी आहे. हेच नॉनवोव्हन थर म्हणूनही विकले जाते. ते स्वस्त असते, पण इस्त्रीच्या तावाने आकसते आणि वितळते. कापडी पिशवीच्या पोटात ते घालून ती शुद्ध सुती म्हणून विकणे योग्य नव्हे.

काट्यावरचा प्रामाणिकपणा

शेवटचा प्रश्न हिशेबाचा आहे. भरण आणि पेस्टिंग यांची प्रत दर चौरस मीटरच्या वजनावर ठरते. बाजारात तिला जीएसएम म्हणतात. दुकानदाराने सांगितलेला जीएसएम पडताळणे व्यापारी कुटुंबाला अवघड नाही. १० सेंटिमीटर लांब आणि १० सेंटिमीटर रुंद तुकडा बिनचूक कापावा आणि सराफी काट्यावर ठेवावा. जितके ग्रॅम भरतील त्याला १०० ने गुणावे. दीड ग्रॅम भरला तर १५० जीएसएम. एकच तुकडा न तोलता ताग्याच्या दोन्ही कडांचे आणि मधला असे तीन तुकडे तोलावेत, कारण हलक्या मालात वजन जागोजागी बदलते.

आता एक हिशेब मांडू. समजा, महिला मंडळाने ५०० पिशव्यांची मागणी घेतली. प्रत्येक पिशवीचे दोन भाग, प्रत्येक भाग ४० बाय ४५ सेंटिमीटर. म्हणजे एका पिशवीला ०.३६ चौरस मीटर आणि ५०० पिशव्यांना १८० चौरस मीटर भरण लागले. नमुन्यात १५० जीएसएमचे भरण दाखवले आणि प्रत्यक्षात १०० जीएसएमचे घातले, तर एका पिशवीत अवघे १८ ग्रॅम कमी पडतात. हातात घेऊन कोणालाही कळणार नाही. एकूण मागणीत मात्र ९ किलो भरण कमी घातले गेले आणि त्याचे पैसे घेतले गेले.

तत्त्वार्थसूत्रात अचौर्य अणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत. त्यांत मापात कमी-अधिक करणे आणि चांगल्या वस्तूच्या जागी तिच्यासारखी दिसणारी हलकी वस्तू देणे, हे दोन अतिचार थेट व्यापाराशी संबंधित आहेत. काट्यात खोट नसली, कापड मीटरने पुरेपूर मोजलेले असले, तरी न दिसणाऱ्या थरात हलका माल घातला की हे दोन्ही अतिचार एकदम घडतात. प्रभावनेच्या पिशवीत असे घडले तर धर्मकार्याच्या निमित्तानेच व्रताला बाधा येते. जुन्या लुगड्यांचे भरण असेल तर तसेही स्पष्ट सांगावे. जुने वापरणे हा दोष नाही, नव्याच्या भावात जुने देणे हा दोष आहे.

उपाय साधा आहे. पिशवीच्या आत अस्तराच्या शिवणीत बोटभर रुंदीची कापडी पट्टी शिवावी. तिच्यावर चार गोष्टी लिहाव्यात: बाहेरचे कापड कोणते, आतला थर कोणता आणि किती जीएसएमचा, पिशवी कशी धुवावी, इस्त्री किती तावाची करावी. मोठ्या मागणीत थराचा एक छोटा तुकडा नमुन्याबरोबर टाचून ग्राहकाकडे द्यावा आणि तसाच एक आपल्याकडे ठेवावा. भाव परवडत नसेल तर थर हलका करण्याआधी ग्राहकाला विचारावे, किंवा भरणाची गरज नसलेला नमुना सुचवावा. दोसुतीची साधी, पट्ट्याला पक्का आधार दिलेली पिशवी हलक्या वॅडिंगने फुगवलेल्या पिशवीपेक्षा नेहमीच अधिक टिकते.

पूर्वी पेढीवर बसणारे वडीलधारे कापड पाहताना ते उलटून पाहत, कारण मालाची खरी प्रत मागच्या बाजूला कळते असा त्यांचा अनुभव होता. पिशवीला अशी उलटून दाखवता येणारी बाजू नसते. आतला थर दोन्हीकडून शिवून बंद झालेला असतो. घेणारा केवळ देणाऱ्याच्या शब्दावर तो मान्य करतो. येत्या पर्युषणासाठी पिशव्या शिवायला घेणाऱ्या प्रत्येक घराने नमुना धुऊन, तोलून आणि पट्टीवर खरे लिहून तो शब्द राखावा. पुढच्या चातुर्मासात तीच पिशवी ताठ उभी असलेली पाहून ती कोणाच्या घरून आली होती हे लोकांना आपोआप आठवेल.